जुनी व्हिंटेज पोर्ट: उघडावी कशी, चाखावी कशी, जोखावी कशी

नाशिकच्या सुला वायनरीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण जाहीर झालं आणि पुढे गंगापूर, दिंडोरी, इगतपुरीच्या बाजूला वायनऱ्या वाढत गेल्या. आज नाशिकमध्ये शिराझ आणि कॅबर्नेतला फरक वासावरून सांगणारे पुष्कळ जण भेटतात. मात्र इथली बहुतेक वाइन काढणीनंतर दोन-चार वर्षांत पिऊन संपते, त्यामुळे आपली जीभ तरुण वाइनवर घडलेली आहे. अशा माणसासमोर तीस वर्षांची व्हिंटेज पोर्ट, म्हणजे एकाच सालच्या द्राक्षांची, बाटलीत मुरलेली पोर्तुगालची गोड, कडक वाइन ठेवली की दोनपैकी एक गोष्ट घडते. विटकरी रंग बघून तो ‘ही गेली’ म्हणतो, नाहीतर लेबलवरचं साल बघून चाखण्याआधीच भारावतो. दोन्हींत वाइनवर अन्याय होतो.

जुन्या पोर्टची पारख करताना माझ्या मते एकच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे: ही वाइन वयाने मुरली आहे की उष्णतेने शिजली आहे? एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकणाऱ्या आपल्या गावात तर हा प्रश्न आधी विचारायला हवा. खालची सगळी कृती याच प्रश्नाभोवती आहे.

आधी बाटली नेमकी कशाची आहे ते ठरवा

आपल्याकडे ‘पोर्ट वाइन’ म्हणून गोड, स्वस्त लाल वाइन वर्षानुवर्षं विकली जाते. तिचा इथे संबंध नाही. खरी पोर्ट पोर्तुगालच्या डोरू नदीच्या खोऱ्यातली. त्या प्रदेशाची हद्द १७५६ मध्येच आखली गेली. तुरिगा नासिओनाल, तुरिगा फ्रांका, तिंता रोरिझ अशा जातींची द्राक्षं तुडवून रस आंबायला ठेवतात. दोन-तीन दिवसांत, म्हणजे निम्मी साखर अजून शिल्लक असतानाच, त्यात सुमारे ७७ टक्के अल्कोहोलचं द्राक्षाचं स्पिरिट घालतात. प्रमाण साधारण चार भाग रसाला एक भाग स्पिरिट. यीस्ट मरतं, साखर तशीच राहते आणि वाइन १९ ते २२ टक्क्यांवर येऊन थांबते. वेळ इतका कमी असल्यामुळे सालीतला रंग आणि तुरटपणा त्या दोन-तीन दिवसांतच ओढून काढावा लागतो. म्हणूनच ग्रॅनाइटच्या उथळ हौदात माणसांनी पायांनी द्राक्षं तुडवण्याची पद्धत काही ठिकाणी अजून टिकून आहे.

पुढचा फरक मुरवण्याचा. व्हिंटेज पोर्ट लाकडात जेमतेम दोन वर्षं राहते, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी न गाळता बाटलीत भरतात आणि बाकीचं सगळं आयुष्य ती काचेच्या आत काढते. टॉनी पोर्ट उलट, दहा-वीस-चाळीस वर्षं पिंपातच असते, हवेच्या संगतीत तांबूस होते आणि बाटलीत भरल्यावर फारशी बदलत नाही. लेबलवर काढणीचं आणि बाटलीत भरल्याचं अशी दोन्ही सालं असतील तर वजाबाकी करा. अंतर दोन-तीन वर्षांचं असेल तर व्हिंटेज, चार ते सहा असेल तर ‘लेट बॉटल्ड व्हिंटेज’, सात किंवा जास्त असेल तर एकाच सालाची टॉनी, जिला ‘कोल्हेटा’ म्हणतात. हे आधी कळलं नाही तर पुढचं सगळं चुकतं. १९९४ ची कोल्हेटा फिकट तांबूस दिसणारच, पण १९९४ ची व्हिंटेज तितकी फिकट दिसली तर काहीतरी बिघडलंय.

व्हिंटेज दरवर्षी होत नाही. पोर्ट बनवणारी घराणी वर्ष खास वाटलं तरच ते जाहीर करतात, दहा वर्षांत साधारण तीनदा. १९६३, १९७७, १९९४, २०११ ही त्यातली नावाजलेली सालं. मधल्या वर्षांत बरीच घराणी एकाच मळ्याच्या द्राक्षांची व्हिंटेज काढतात. ती तुलनेने लवकर पिण्याजोगी होते आणि खिशालाही बरी पडते. जुनी पोर्ट शिकायला मी नेहमी तिथूनच सुरुवात करायला सांगतो.

उघडण्याआधी बाटली वाचा

बाटली उजेडात धरा आणि वाइनची पातळी पाहा. वीस-पंचवीस वर्षांच्या बाटलीत वाइन मानेत असावी. चाळिशी ओलांडलेल्या बाटलीत ती खांद्याच्या वरच्या टोकाला आली तरी चालतं. खांद्याच्या मध्यावर आली असेल तर बुचातून हवा आत गेली आहे हे गृहीत धरा. मग वरचं टोपण बोटांनी चाचपा. चिकट लागतंय का? बूच काठाच्या वर फुगून आलंय का? उष्णतेने वाइन प्रसरण पावते, बुचाला वर ढकलते आणि कडेने झिरपते. थंडी आली की आकसते आणि हवा आत ओढते. माळ्यावर किंवा स्वयंपाकघराच्या कपाटात काही उन्हाळे काढलेल्या बाटलीवर ही खूण हमखास सापडते.

बाटली कुठून आली, कोणी आणली, मधली वर्षं कुठे होती हे विचारायला लाजू नका. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या बाटल्या परदेशातून येताना कुणीतरी सामानातून आणलेल्या, भेट दिलेल्या आणि मग ‘चांगल्या प्रसंगासाठी’ शोकेसमध्ये ठेवलेल्या असतात. शोकेसमध्ये ती उभी राहते, बूच वाळतं, वर दिव्याचा उजेड पडतो. वीस वर्षं जुनी पण शोकेसमध्ये राहिलेली बाटली आणि वीस वर्षं थंड तळघरात आडवी राहिलेली बाटली यांचं साल एकच असलं तरी वाइन एक नसते.

उभी करा, थांबा

व्हिंटेज न गाळता भरलेली असल्यामुळे रंगद्रव्य आणि तुरटपणा देणारं टॅनिन एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी साका बसतो. आडव्या बाटलीत हा साका एका बाजूला खपलीसारखा धरलेला असतो. चाखायच्या किमान एक दिवस आधी, जमलं तर दोन-तीन दिवस आधी, बाटली उभी करून ठेवा. डिसेंबर-जानेवारीत घरातली एखादी थंड खोली पुरते. मार्चनंतर मात्र वाइनचा फ्रिज, नाहीतर साधा फ्रिज, पण दारात नको, दार उघडताना बाटली हलते. तिथे ती जास्त गार होईल, पण दोन दिवसांनी काही बिघडत नाही. उघडण्याआधी तासभर बाहेर काढली की झालं. एकदा उभी केली की हलवू नका.

बूच

तीस वर्षांचं बूच साध्या कॉर्कस्क्रूने ओढलं तर बहुतेक वेळा मध्यात तुटतं. त्यासाठी दोन पात्यांचा ओपनर मिळतो. त्याची पाती बूच आणि काच यांच्या फटीत एकाआड एक रेटत खाली न्यायची आणि मग पिळत-पिळत हळूच वर ओढायचं. तो नसेल तर लांब स्क्रूचा कॉर्कस्क्रू घ्या, बुचाच्या अगदी तळापर्यंत फिरवा आणि घाई करू नका. आधी टोपण पूर्ण कापून काढा, बाटलीचा काठ ओल्या फडक्याने पुसा. तिथे काळी बुरशी असेल तर घाबरायचं कारण नाही, ती बाहेरची असते. बूच तुटलंच तर उरलेला तुकडा आत ढकला आणि ओतताना मलमलमधून गाळा. मलमल धुतलेली हवी, पण साबणाचा वास अजिबात नको. आधी कोऱ्या पाण्यातून दोनदा काढा.

निघालेलं बूच हुंगा. ओल्या पुठ्ठ्याचा, दमट गोणपाटाचा वास आला तर पुढे सावध राहा. पण बुचावरून निकाल देऊ नका, निकाल ग्लासातल्या वाइनवरूनच.

ओतणं

या टप्प्याला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. काचेचा स्वच्छ, कोरडा डिकँटर घ्या. नसेल तर काचेचा साधा जगही चालतो. टेबलावर मेणबत्ती लावा किंवा मोबाइलचा टॉर्च वरच्या दिशेने तोंड करून ठेवा. उजेड बाटलीच्या मानेखालून यायला हवा. आता बाटली दोन्ही हातांनी धरा आणि एकाच सलग धारेने ओता. मध्ये थांबून बाटली सरळ केली की साका ढवळला जातो आणि सगळी मेहनत पाण्यात.

सुरुवातीला मानेतून स्वच्छ, गडद माणिक रंग वाहताना दिसतो. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर नजर खांद्यावर ठेवा. आधी धुरासारखी एक बारीक रेघ सरकत येते, काही क्षणांनी तिच्या मागे काळपट कण येतात. रेघ दिसली की धार बारीक करा, कण मानेत शिरले की थांबा. तळाशी साधारण अर्धा कप उरेल. तो फेकायला जीव होत नाही हे मला कळतं, पण तो डिकँटरमध्ये घालू नका. त्याने अख्खी वाइन कडू आणि गढूळ होते. उरलेलं वेगळं गाळून रश्श्यात किंवा सुक्या अंजिरांवर घाला.

किती वेळ आधी डिकँट करायची याचा साधा हिशेब असा. वीस वर्षांच्या आतली वाइन अजून बंद असते, म्हणजे तिचा सुगंध मोकळा झालेला नसतो, तिला चार-सहा तास सहज द्या. वीस ते चाळीस वर्षांच्या वाइनला दोन-तीन तास. त्याहून जुनीला अर्धा-एक तास पुरे, कारण तिचा सुगंध नाजूक असतो आणि लवकर उडतो. पण घड्याळापेक्षा ग्लासावर विश्वास ठेवा. ओतल्याबरोबर एक घोट चाखून बघा आणि तासाने पुन्हा. वास उघडतोय असं वाटलं तर थांबा, विरतोय असं वाटलं तर लगेच मंडळींना बोलवा.

ग्लास आणि तापमान

लिकरचे अंगठ्याएवढे ग्लास कपाटातच राहू द्या. त्यांत वास गोळा व्हायला जागाच नसते. वर थोडा निमुळता होणारा, साधारण २०० मिलिलिटरचा चाखणीचा ग्लास घ्या आणि त्यात ५० मिलिलिटरच ओता. वाइन १६ ते १८ अंशांवर असावी. त्याच्या वर गेली की स्पिरिट नाकात चढतं, फार खाली गेली की तुरटपणा पुढे येतो आणि सुगंध झाकला जातो. मे महिन्यात नाशिकच्या खोलीत वाइन वीस मिनिटांत तापते, म्हणून डिकँटर थंड पाण्याच्या भांड्यात उभा ठेवा. बर्फ वाइनमध्ये नको, भांड्यातल्या पाण्यात.

खोलीत उदबत्ती, अत्तर, फोडणी यातलं काही नको. आधी मिसळ खाल्ली असेल तर दोन तास जाऊ द्या.

डोळे

पांढरा कागद टेबलावर ठेवा, ग्लास त्यावर तिरका धरा आणि मध्य व कड अशा दोन ठिकाणी रंग पाहा. नव्या व्हिंटेजचा मध्य अपारदर्शक जांभळा असतो, कागदावरची अक्षरं त्यातून वाचता येत नाहीत. वीस वर्षांनी मध्य गडद माणिक होतो, कडेला विटकरी छटा येते. चाळीस वर्षांनी मध्यही विटकरीकडे झुकतो आणि कड सोनेरी-तांबूस होते. मध्य ते कड असा रंगाचा उतार हळूहळू बदलत जाणारा असावा. सगळा ग्लास एकसारखा मळकट तपकिरी, चमक नसलेला दिसला तर ते वय नसून इजा असण्याची शक्यता जास्त. ग्लासाच्या भिंतीवरून उतरणारे जाड ओघळ पाहून काही ठरवू नका. इतकी साखर आणि अल्कोहोल असल्यावर ते येणारच.

नाक

वीस टक्क्यांच्या वाइनमध्ये नाक खुपसायचं नसतं. ग्लास छातीच्या उंचीवर धरा आणि हळूहळू वर आणा. ज्या उंचीवर सुगंध येतो पण स्पिरिट टोचत नाही तिथे थांबा. पहिल्यांदा ग्लास न फिरवता हुंगा, मग एकदा फिरवून.

आधी दोष तपासा. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बुचाचा दोष. नेलपॉलिशचा किंवा व्हिनेगरचा झणका म्हणजे अॅसिड वाढलंय. त्याची अगदी पुसट छटा जुन्या पोर्टमध्ये चालते, ती सुगंध वर उचलते. पण दुसरं काही येतच नसेल तर वाइन गेली. शिजलेल्या वाइनचा वास निराळा असतो: फार वेळ आटवलेल्या जॅमसारखा, एकसुरी गोड.

गंगापूर रोडला एका मित्राकडे एकाच घराण्याच्या, १९९४ च्याच दोन बाटल्या शेजारी-शेजारी उघडल्या होत्या. एक परदेशातल्या तळघरातून नुकतीच आलेली, दुसरी इथल्या फ्लॅटच्या माळ्यावर अनेक उन्हाळे काढलेली. रंगात दहा वर्षांचं अंतर वाटत होतं. पहिलीत जांभूळ, काळं मनुकं, लवंग आणि मागे वाळलेल्या गुलाबाचा वास होता, आणि दर पाच मिनिटांनी काहीतरी नवं सापडत होतं. दुसरी पहिल्या हुंगण्यात जास्त गोड, जास्त ‘जुनी’ वाटली. दोन पाहुण्यांना तीच आवडली. अर्ध्या तासाने मात्र तिच्यात जळक्या साखरेशिवाय काही उरलं नव्हतं. ज्यांना शक्य असेल त्यांनी अशी जोडी एकदा तरी चाखावी. पुस्तकातून हा फरक कळत नाही.

इथे एक लक्षात ठेवा: मदेरा नावाची पोर्तुगीज बेटावरची फॉर्टिफाइड, म्हणजे पोर्टसारखीच स्पिरिट घातलेली वाइन मुद्दाम गरम करूनच मुरवतात, काही प्रकार ४५ ते ५० अंशांवर किमान तीन महिने. तिथे तापलेला, अक्रोड-काकवीचा वास हा गुण आहे. तोच वास व्हिंटेज पोर्टमध्ये दोष ठरतो.

दोष नसेल तर सुगंध तीन थरांत शोधा. फळाचा थर: तरुणपणी जांभूळ, करवंद, काळी द्राक्षं; वय वाढलं की मनुका, खजूर, सुकं अंजीर. मसाल्याचा थर: लवंग, मिरी, ज्येष्ठमध. आणि वयाचा थर: तंबाखू, चामडं, चहापत्ती, सुकलेली संत्र्याची साल, देवदाराची पेटी. परदेशी यादीतल्या ब्लॅककरंट किंवा डॅमसनचा वास तुम्ही कधी घेतलाच नसेल तर ते शब्द वापरू नका. स्वतःच्या नाकाला ठाऊक असलेला वासच नोंदवा, तोच पुढच्या वेळी आठवतो.

जीभ

लहान घोट, चमचाभर. तोंडात सगळीकडे फिरवा, थोडी हवा ओढा, मग थुंका. चाखणी करताना थुंकणं हा शिष्टाचार आहे. नाशिकजवळच्या सावरगावहून गाडी चालवत परतायचं असेल तर सक्तीचं.

गोडवा लगेच कळतो. लिटरमागे साधारण ९० ते १२० ग्रॅम साखर असते, त्यामुळे तो चर्चेचा विषयच नाही. प्रश्न असा की गोडव्याला कोण तोलून धरतंय. आंबटपणा गालांच्या आतून पाणी सोडवतो. तो कमी असेल तर वाइन काकवीसारखी बसते. तुरटपणा हिरड्यांवर जाणवतो. नव्या पोर्टमध्ये कच्च्या आवळ्यासारखा करकरीत, जुन्यात मखमली. तुरटपणा पूर्ण गायब आणि गोडवाही सैल असेल तर वाइन उताराला लागली आहे. चौथं, स्पिरिट. चांगल्या जुन्या पोर्टमध्ये वीस टक्के अल्कोहोल ऊब देतं, जाळत नाही. घशाशी जळजळ होऊन फळ मागे पडलं तर एकतर वाइन फार तरुण आहे किंवा फळ मरून सांगाडा उरला आहे. रंग बघितला की दोन्हीतलं कोणतं ते कळतं.

थुंकल्यावर मनात आकडे मोजा. गोडवा किती वेळ राहतो ते मोजू नका, तो राहणारच. फळाची आणि मसाल्याची चव किती वेळ राहते ते मोजा. दहापर्यंत संपली तर साधारण. तिसाच्या पुढे गेली आणि वाटेत चव बदलत राहिली तर तुमच्या हातात उत्तम बाटली आहे.

निकाल

गुण द्यायची सवय असेल तर द्या, पण आधी दोन वाक्यं लिहा. पहिलं दर्जाबद्दल: तोल, लांबी (म्हणजे चव किती वेळ टिकते), जोर, आणि सुगंधात किती थर. दुसरं वयाबद्दल: अजून ठेवावी, आता प्यावी की वेळ निघून गेली. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. साधी वाइन ऐन बहरात असू शकते आणि थोर वाइन अजून दहा वर्षं बंद असू शकते. बंद वाइनला कमी गुण देऊन टाकण्याचा मोह होतो. अशा वेळी तोंडातला जोर आणि लांबी पाहा, सुगंध मुका असला तरी त्या खोटं बोलत नाहीत.

माझ्या वहीतल्या एका चांगल्या बाटलीची नोंद अशी: ‘मध्य माणिक, कड विटकरी, चमक छान. अंजीर, मनुका, लवंग, मागून चहापत्ती. गोड, पण आंबटपणा जागा. तुरटपणा मऊ, टिकून. ऊब सारखी पसरलेली. तिसाच्या पुढे, शेवटी संत्र्याची साल. उत्तम. आता प्यावी, दहा वर्षं घाई नाही.’ एवढं पुरेसं आहे.

मंडळी जमली असतील तर डिकँटर पुढे करा आणि बाटली आत ठेवा. साल वाचलं की माणसं साल चाखू लागतात. बरोबर खायला अक्रोड, सुकं अंजीर, निळ्या बुरशीचं खारट चीज. पण हे जोखून झाल्यावर. चीज वाइनचे दोष झाकतं, चिवडा तिचे गुण झाकतो.

उरलेली वाइन लहान बाटलीत काठोकाठ भरून, बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा. व्हिंटेज दोन-तीन दिवस टिकते, फार जुनी असेल तर एकच. टॉनी मात्र काही आठवडे चालते. दुसऱ्या संध्याकाळी एक घोट पुन्हा चाखा आणि आदल्या दिवशीच्या नोंदीशेजारी लिहून ठेवा. सुदृढ वाइन दुसऱ्या दिवशी जवळपास तशीच, कधी जास्त मोकळी लागते. शिजलेली बाटली आदल्या दिवशी फसवून गेली असेल तर बहुधा तेव्हा उघडी पडते.